स्पॅमचा नायनाट, घरच्या घरी

मेलमध्ये कचरा येतो म्हणून रडत बसू नका. थंडरबर्ड हा मेल वाचायचा प्रोग्राम उघडा. १.० आवृत्ती २००४ ची, आजही फुकट, आणि आत आलेल्या मेलला नियम लावणारी ‘मेसेज फिल्टर्स’ नावाची एक खिडकी. तिथे बसलं की मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीएवढा अधिकार हातात येतो, तोही निवडणूक न लढवता.

जंक, म्हणजे कचरा मेल, ओळखायला आपणहून शिकणारी एक सोय त्यात आधीपासून आहे. तिच्या नादी लागू नका. ती थॉमस बेझ नावाच्या इंग्रज पाद्र्याच्या गणितावर चालते. हे गृहस्थ १७६१ साली वारले, म्हणजे इकडे पानिपत झालं त्याच वर्षी. त्यांचा निबंध मित्राने कागदपत्रांतून शोधून काढला आणि रॉयल सोसायटीत वाचला गेला तो १७६३ मध्ये. अशा माणसाला पर्सनल लोनमधलं काय कळणार? ती सोय म्हणे मेलमधला शब्द न् शब्द बघते, तो जंकमध्ये किती वेळा आला आणि चांगल्या मेलमध्ये किती वेळा, याचा हिशेब मांडते आणि मग एकूण निकाल देते. एका शब्दावरून माणूस ओळखणाऱ्या तुम्हा-आम्हाला एवढी उठाठेव कशाला?

तेव्हा नियम स्वतः लिहा आणि एकेका शब्दाचे लिहा. विषयात ‘लॉटरी’ दिसली की थेट डिलीट. वर्षानुवर्षं म्हाडाच्या सोडतीत अर्ज भरताय ना? मग हा नियम सर्वांत वर ठेवा. ‘ऑफर’ दिसली की डिलीट. मुलाचं ऑफर लेटर येणार असेल तर त्याला दुसरी नोकरी बघता येईल. ‘विन’ची इंग्रजी तीन अक्षरं दिसली की डिलीट, कारण तुम्ही काहीतरी जिंकलात असं सांगणारा प्रत्येक जण चोर. आता हीच तीन अक्षरं ‘अश्विनी’च्या स्पेलिंगमध्ये मधोमध बसलेली असतात आणि नियमात ‘कन्टेन्स’, म्हणजे ‘यात कुठेही असेल तर’, लावल्यावर प्रोग्राम पूर्ण शब्द वगैरे पाहत नाही. मग डोंबिवलीच्या अश्विनीताईने ‘अश्विनीकडे डोहाळजेवण’ असा विषय इंग्रजी अक्षरांत टाकून आमंत्रण पाठवलं तर ते गेलं. जाऊ द्या. ताईचा फोन येईलच, आणि तो नुसता आमंत्रणापुरता नसेल.

लोन विकणारा मात्र ‘ओ’च्या जागी शून्य टाकतो आणि तुमच्या नियमासमोरून शिट्टी वाजवत आत येतो. त्याच्यासाठी शून्यवाला वेगळा नियम करा. उद्या तो अक्षरांमध्ये टिंबं टाकेल, परवा सगळा मजकूर चित्रातच पाठवेल. तुम्ही नियम करत राहा. रविवार बरा जातो.

एका नियमात अनेक अटी घालायच्या झाल्या तर ‘ऑल’ कधी निवडू नका, ‘एनी’ निवडा. सगळ्या अटी जुळल्या तरच कारवाई, हा भित्र्यांचा मार्ग. एखादी जुळली की उडवा. उडवायचं म्हणजे डिलीटच. वेगळ्या फोल्डरमध्ये हलवून महिनाभर नजर ठेवा असं सांगणारे लोक रिटायर झालेले असतात. नवा नियम झाला की ‘रन नाउ’ दाबून सबंध इनबॉक्सवर फिरवा, म्हणजे २०१२ पासूनच्या पावत्याही एका झटक्यात निघतील. कुठला मेल कुठल्या नियमाने गेला ते सांगणारा फिल्टर लॉगही असतो. तो बंद ठेवा. पुरावा हवाय कोणाला?

पाठवणाऱ्याचा पत्ता ब्लॉक करणं हा आणखी एक सात्त्विक आनंद. ‘फ्रॉम’मध्ये कोणीही काहीही लिहू शकतो आणि स्पॅमवाला एकच पत्ता सहसा दोनदा वापरत नाही, हे खरं. पण यादी वाढत जाते आणि काम केल्यासारखं वाटतं. शिवाय त्याला नम्रपणे ‘कृपया मला मेल पाठवू नये’ असं कळवा. पत्त्यावर जिवंत माणूस आहे हे समजल्यावर तो किती खूश होईल!

एवढं करूनही ती शिकणारी सोय वापरायचा मोह झालाच, तर तिला नीट बिघडवा. न आवडलेल्या प्रत्येक मेलवर ‘जंक’ दाबा. सेक्रेटरीसाहेबांचं पार्किंगवरून आलेलं लांबलचक पत्र जंक, मेंटेनन्सची आठवण जंक, एजीएमची नोटीस तर जंकच जंक. ‘नॉट जंक’ला चुकून हात लावू नका. ॲड्रेस बुकातल्या लोकांचे मेल जंकमध्ये टाकू नयेत अशी एक खूण असते, ती आठवणीने काढा. मग सोसायटी, बिल्डिंग, टाकी, पाणी हे सगळे शब्द तिच्या लेखी संशयित होतील आणि एका सकाळी ‘टाकीची सफाई, दहा ते चार पाणी बंद’ हा मेल गुपचूप जंकमध्ये जाऊन बसेल. तुम्ही डोक्याला साबण लावून नळ फिरवत असाल. नळ आधी फुरफुरेल, मग नुसती हवा. बाहेरून आवाज येईल, ‘अहो, मेल आला नव्हता का?’ उत्तर द्यायची घाई करू नका, साबण तोंडात जातो.

हे सगळे नियम तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर राहतात आणि थंडरबर्ड चालू असेल तेव्हाच चालतात. दादरला विरार फास्टमध्ये लटकत फोन उघडलात तर सगळा कचरा तिथे जसाच्या तसा. उपाय सोपा: कॉम्प्युटर दिवसरात्र चालू ठेवा. सर्व्हरवर, म्हणजे मेल कंपनीच्याच कॉम्प्युटरवर, फिल्टर लावता येतात, पण मग घरच्यांना विजेचं बिल दाखवून आपण काय काय करतो हे कसं पटवणार?

असा बंदोबस्त नीट बसला की इनबॉक्स स्वच्छ होतो. ताई नाही, ऑफर लेटर नाही, सोसायटी नाही. एकच मेल उरतो. सौम्य भाषा, नीटनेटका लोगो, बंदी घातलेला एकही शब्द नाही: ‘आपला मेलबॉक्स भरत आला आहे. सेवा अखंड चालू राहण्यासाठी खालील लिंकवर पासवर्ड टाकावा.’ इतके नियम पार करून आलाय बिचारा. टाका.