प्वारो चिडला, ते बरंच झालं

(पुढे शेवट फुटणार आहे. अगाथा ख्रिस्तीची ही कादंबरी 1934ची असली तरी ज्यांनी वाचली-पाहिली नाही, त्यांनी इथेच थांबा.)

डेव्हिड सुशे या नटानं ख्रिस्तीचा गुप्तहेर प्वारो साकारलेला 2010चा टीव्ही चित्रपट ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’, त्याचा विषय परवा ग्रुपवर पुन्हा निघाला. बहुतेकांचा सूर एकच: "प्वारो एवढा काहून चिडते ना बाप्पा? आपला मिशीवाला मिश्कील प्वारो कुठं गेला?" याच गोष्टीवरच्या 1974च्या सिनेमात शेवटी खून करणारे सगळे प्रवासी ग्लासाला ग्लास भिडवतात, ते यांना आवडतं. मला ते कधीच पटलं नाही. मेलेला माणूस नीच होता, लहान मुलीचा खुनी होता, पैशाच्या जोरावर सुटला होता, सगळं मान्य. पण गाडीतल्या बारा जणांनी मिळून त्याला गुंगीचं औषध देऊन भोसकलं, आणि त्यावर शॅम्पेन?

सुशेच्या चित्रपटात बर्फात अडकलेल्या गाडीतलं हीटिंग बंद पडतं. सगळे ओव्हरकोटात कुडकुडताहेत आणि प्वारो ओरडतोय, की कायदा खाली पडला तर तो उचलून आणखी उंच धरायचा असतो! तरीही शेवटी तो पोलिसांना खोटी गोष्ट सांगतो आणि बर्फातून एकटाच चालू लागतो. मुठीत जपमाळ, डोळे भरलेले. सोडून दिलं त्यानं त्यांना, पण ते त्याला किती जड गेलं हे चेहऱ्यावर दिसतं.

आपण नागपूरकरांनी तरी हे नुसतं कोडं म्हणून पाहू नये. 13 ऑगस्ट 2004ला आपल्याच जिल्हा न्यायालयात कस्तुरबानगरच्या बायकांनी अक्कू यादव या गुंडाला संपवलं. वस्ती वर्षानुवर्षं त्याच्या दहशतीत होती, दाद लागत नव्हती. 2014मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्या बायकांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पण ‘छान झालं’ म्हणायलाही रेटत नाही, कारण ते घडलं कोर्टात, जिथं त्यांना न्याय मिळायला हवा होता. प्वारोची नेमकी हीच तडफड आहे. ती मिश्कीलपणे कशी दाखवणार?

एक तक्रार मात्र शंभर टक्के खरी. इस्तंबूलच्या रस्त्यावर जमाव एका बाईला दगडांनी मारतो, तो प्रसंग. तुर्कस्ताननं 1926मध्येच स्वित्झर्लंडच्या धर्तीवर नागरी कायदा आणला होता. त्यानंतरच्या इस्तंबूलमध्ये हे दाखवणं ओढूनताणून आहे, आणि त्या शहरावर अन्यायही. गरजही नव्हती. सुरुवातीला प्वारो ज्याचं खोटं उघडं पाडतो आणि जो तिथेच स्वतःला गोळी घालून घेतो, तो लेफ्टनंट प्वारोचा कडकपणा दाखवायला पुरेसा होता.