मादी सशाचं ऑपरेशन करू नका म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

ससे पाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर तो मेसेज परत फिरतोय. थोडक्यात म्हणणं असं की मादीची गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन करू नका, सशाला भूल सोसत नाही, तो टेबलवरच जातो. मादीला एकदा पिल्लं होऊ द्या, पुढे काही आजार होत नाही. एकटी असेल तर प्रश्नच नाही. हे सगळं निसर्गाविरुद्ध आहे. आणि करायचंच असेल तर आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा.

भुलीचं आधी घेऊ, कारण त्यात तथ्य आहे. २००८ साली ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास आला, त्यात निरोगी सशांपैकी ०.७३ टक्के भुलीच्या वेळी किंवा नंतर दगावले, निरोगी कुत्र्यांत हाच आकडा ०.०५. म्हणजे धोका कुत्र्यापेक्षा बराच जास्त, पण हजारात सातेक, आणि ‘टेबलवरच’ तर नाहीच, कारण निम्म्याहून जास्त मृत्यू ऑपरेशन उरकल्यानंतरचे होते. लक्ष तिथे द्यायचं: अंग गरम ठेवणं, दुखणं कमी करणारं औषध आणि पोट चालू आहे का ते बघणं.

आता दुसऱ्या पारड्यात काय आहे ते मेसेजवाला सांगतच नाही. गर्भाशयाचा कॅन्सर. काही जातींच्या चार वर्षांपुढच्या माद्यांमध्ये ५० ते ८० टक्के असा आकडा जुन्या अभ्यासांत आहे, तो ठरावीक जातींचा आहे म्हणून सगळ्यांना सरसकट लावू नका, अर्धा धरलात तरी हजारात सातच्या कितीतरी पुढे जातो. लघवीतून रक्त दिसलं तर ‘पाळी आली असेल’ म्हणून सोडू नका, सशांना पाळी येत नाही. (नुसती लालसर लघवी कधीकधी खाण्यातल्या रंगानेही होते, रक्ताच्या गाठी दिसल्या तर मात्र डॉक्टर गाठा.)

एकदा पिल्लं होऊ दिल्याने हा कॅन्सर टळत नाही, व्यालेल्या माद्यांनाही होतो. वर पिल्लांचं काय करणार? मादी ३०-३२ दिवसांत विते आणि नर शेजारी असेल तर त्याच दिवशी परत गाभण राहू शकते, मग महिन्याभरात ग्रुपवर ‘फ्री बन्नी हवेत का’ सुरू.

एकटीचंही तेच, गर्भपिशवी आहे तोवर धोका आहे. शिवाय खोटं गाभणपण येतं, बिचारी गळ्याखालचे केस उपटून तोंडात धरून कोपऱ्यात घरटं करते, हात घातला तर गुरगुरते, आणि आपण म्हणतो हिला काय झालं.

निसर्गाचं एका ओळीत: रानात बहुतेक ससे वर्षभरही जगत नाहीत, घरातला आठ-दहा वर्षं जगतो.

उपाशी ठेवण्याचा सल्ला मात्र सरळ घातक आहे. सशाला उलटी करताच येत नाही, त्यामुळे कुत्र्यामांजरांचा नियम इथे लागत नाही, उलट पोट रिकामं राहिलं की आतडं थंडावतं. गवत शेवटपर्यंत समोर हवं आणि शुद्धीवर आल्यावर कोथिंबिरीची काडी नाकाशी धरून बघायची. घरी आल्यावर लेंड्या मोजा, बारा तास खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा.

तेव्हा चार-सहा महिन्यांची ठणठणीत मादी असेल तर करा. म्हातारी किंवा आजारी असेल तर आधी तपासण्या, मग ठरवा. आणि आतापर्यंत किती सशांची केलीत हे डॉक्टरांना बिनधास्त विचारा, ‘रात्रीपासून काही देऊ नका’ असं ते म्हणाले तर दुसरे डॉक्टर शोधा.