स्वखर्चाने अंतराळात डोकं बाहेर काढण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. तेव्हा स्वतःच्या खर्चाने अंतराळात जाऊन यानाबाहेर डोकवायचं तुमच्या मनात असेल, तर पहिली पायरी उघड आहे. पैसा हवा. किती, ते विचारू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘पोलारिस डॉन’ मोहिमेत जगातला पहिला खासगी स्पेसवॉक झाला, पण त्याचा खर्च ना मोहिमेचे धनी जॅरेड आयझॅकमन यांनी सांगितला, ना यान बनवणाऱ्या स्पेसएक्स कंपनीने. अंदाजच बांधायचा तर नासाच्या महानिरीक्षकांनी २०१९ मध्ये ड्रॅगन यानातल्या एका खुर्चीचा हिशेब साडेपाच कोटी डॉलर मांडला होता. खुर्च्या चार. आणि तो दर अंतराळ स्थानकापर्यंत सरळ जाऊन यायचा. तुम्हाला वाटेत दार उघडायचंय, त्याचे वेगळे पडतील.

पैसा कुठून आणायचा, यासाठी आयझॅकमन यांचा कित्ता गिरवा. सोळाव्या वर्षी शाळा सोडा, आईवडिलांच्या तळघरात कंपनी काढा आणि लोकांनी हॉटेलात कार्ड घासलं की त्यातला चिमूटभर हिस्सा तुमच्या खात्यात येईल अशी सोय लावा. तळघर नसेल तर पुढचं नुसतं ज्ञान म्हणून वाचा.

नुसत्या हौसेपायी जातोय असं मात्र चारचौघांत म्हणू नका. सोबत सत्कार्य जोडा. २०२१ च्या ‘इन्स्पिरेशन ४’ या पहिल्या सहलीत आयझॅकमन यांनी कर्करोगग्रस्त मुलांवर उपचार करणाऱ्या सेंट ज्यूड रुग्णालयाला स्वतःचे दहा कोटी डॉलर देऊ केले आणि लोकांकडूनही भरपूर जमवले. यात मोहिमेवर टीका करणाऱ्याची पंचाईत होते, हा फायदा आहेच. पण रुग्णालयाचं खरोखर भलं झालं, एवढं मात्र उपरोध बाजूला ठेवून मान्य करायला हवं.

सोबती निवडताना मित्रमंडळी टाळा. हवाई दलातला एक निवृत्त वैमानिक घ्या आणि उरलेल्या दोन खुर्च्या यान बनवणाऱ्या कंपनीच्याच अभियंत्यांना द्या. सारा गिलिस अंतराळवीरांना प्रशिक्षण द्यायच्या, ॲना मेनन नियंत्रण कक्षातून मोहिमा सांभाळायच्या. इशारा देणारा लाल दिवा लागला की घाबरायचं कशाला आणि कशाला नाही, हे ज्यांना पाठ आहे अशी माणसं शेजारी बसलेली बरी. शिवाय आपल्याच माणसांना पाठवायचं म्हटल्यावर कंपनीही बोल्ट दोनदा तपासते.

आता कायदा. इथे काळजीचं काहीच कारण नाही. तुमचं रॉकेट खालच्या लोकांच्या डोक्यावर पडू नये, याची काळजी अमेरिकेचं विमान वाहतूक प्रशासन डोळ्यांत तेल घालून घेतं. आत बसलेल्यांच्या सुरक्षिततेचे नियम करायला मात्र त्याच प्रशासनाला २००४ च्या कायद्याने मनाई केली. धंदा नवा आहे, थोडा शिकू द्या, असा युक्तिवाद होता. शिकण्याची मुदत वाढत वाढत आता १ जानेवारी २०२८ वर आली आहे. तोवर तुम्ही फक्त एका कागदावर सही करायची, की मला धोके समजावून सांगितले आणि ते मला मान्य आहेत. घरात गॅसचं कनेक्शन घेताना याहून जास्त सह्या लागतात.

प्रशिक्षणाला दोन-अडीच वर्षं धरा. सिम्युलेटर, लढाऊ विमानं, पॅराशूट, गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज आणि इक्वेडोरमधल्या कोटोपाक्सी ज्वालामुखीची चढाई. ‘पोलारिस डॉन’ जाहीर झाली फेब्रुवारी २०२२ मध्ये, उड्डाण ठरलं होतं त्याच वर्षअखेरीस. स्पेससूटच तयार नव्हता. २०२४ चा ऑगस्ट उजाडला तेव्हा इंधन भरणाऱ्या जोडणीपाशी हेलियमची गळती निघाली. ती दुरुस्त झाली तर परतीच्या जागेचं हवामान बिघडलं.

हे हवामानाचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण पैसेवाल्यांना तेच पचत नाही. स्थानकावर जाणारं यान हवामान बिघडलं तर तिथेच चार दिवस जास्त काढू शकतं. तुमचं यान कुठेच जात नाही. श्वासाचा, पाण्याचा सगळा साठा पाच-सहा दिवसांचा. म्हणून उडण्यापूर्वीच, पाच दिवसांनी फ्लोरिडाजवळच्या समुद्रात वारा आणि लाटा किती असतील, याची खात्री हवी. मुहूर्त जाण्याचा नाही, येण्याचा बघायचा. अखेर १० सप्टेंबरला पहाटे ५.२३ ला उड्डाण झालं.

वर गेल्यावर आधी उंची गाठून घ्या. १,४०० किलोमीटरच्या थोडं वर. म्हणजे पृथ्वीभोवती फिरण्यातला, १९६६ मधल्या अमेरिकेच्या जेमिनी ११ यानाचा १,३७३ किलोमीटरचा विक्रम मोडतो, आणि १९७२ च्या अपोलो १७ या चांद्रमोहिमेनंतर माणूस इतका लांब गेलाच नव्हता, असं बातमीत छापून येतं. त्या उंचीवर पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी व्हॅन ॲलन पट्ट्याची झळ लागते. स्थानकावर तीन महिन्यांत जेवढा किरणोत्सर्ग अंगात जातो, तेवढा इथे काही दिवसांत जाईल, असा अंदाज उड्डाणापूर्वीच मांडला होता. तेव्हा विक्रम झाला की लगेच खाली या. दार उघडायचं ते कमाल सुमारे ७४० किलोमीटरच्या कक्षेत.

उघडण्याआधी नायट्रोजनचं बघायला लागतं, आणि खरी परीक्षा तीच.

समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय असतो, टायरवाला म्हणतो तोच पीएसआय. त्यातला सुमारे ११.५ वाटा नायट्रोजनचा. जन्मभर या दाबाखाली राहून तुमच्या रक्तात, सांध्यांत आणि विशेषतः चरबीत नायट्रोजन मुरलेला आहे. स्पेससूटमध्ये दाब असतो फक्त ५.१ पीएसआय, तोही निव्वळ ऑक्सिजनचा. याहून वाढवला तर सूट फुगून ताठ होतो आणि मूठ मिटत नाही. पण चौदावरून एकदम पाचावर उतरलात, तर मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. खोल पाण्यातून भर्रकन वर येणाऱ्या पाणबुड्यांना होतो तोच विकार. नशीब चांगलं असेल तर नुसते सांधे धरतात. बुडबुडा मज्जारज्जूत किंवा मेंदूत अडकला तर जवळचं इस्पितळ खाली दिसतं, पण पोचायला वेळ लागतो.

स्थानकाला एअरलॉक असतो. दोन दारांची छोटी खोली, बाहेर जाणारे तेवढे तिच्यात जातात, बाकीचे आत निवांत. ड्रॅगनला ती खोली नाही. म्हणजे बाल्कनीत उभं राहायचं तर आख्ख्या घरातली हवा सोडून द्यायची, आणि जे बाल्कनीत जाणार नाहीत त्यांनीही. म्हणून उड्डाणानंतर लगोलग यानातला दाब १४.५ वरून हळूहळू ८.६५ पर्यंत उतरवत आणतात, सोबत ऑक्सिजनचं प्रमाण वाढवतात, म्हणजे श्वासागणिक थोडाथोडा नायट्रोजन शरीराबाहेर पडतो. एकूण सुमारे ४५ तास. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हे. तुमच्या खिशात कितीही असो, चरबीतल्या नायट्रोजनला तत्काळ कोटा नाही.

ऑक्सिजन भसाभस वाढवून लवकर उरकू, असं सुचत असेल तर जानेवारी १९६७ आठवा. जमिनीवरच्या चाचणीत अपोलो १ मध्ये वातावरणाहून थोड्या जास्त दाबाचा शुद्ध ऑक्सिजन भरला होता. ठिणगी पडली आणि तीन अंतराळवीर गेले. ऑक्सिजन कमी तर बुडबुडे, जास्त तर आग. मधल्या अरुंद वाटेने पंचेचाळीस तास चालायचं.

याच पंचेचाळीस तासांत तुम्हाला ओकाऱ्याही होणार. अंतराळात नव्याने गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना पहिले दोन-तीन दिवस मळमळतं. हेल्मेटमध्ये उलटी झाली तर ती खाली पडत नाही, नाकातोंडापुढेच तरंगते. म्हणून नासाच्या स्पेस शटल यानांच्या काळात पहिले तीन दिवस स्पेसवॉक ठेवतच नसत. तुमचा तिसऱ्याच दिवशी आहे, कारण साठा पाच-सहा दिवसांचा. आदल्या रात्री मसालेदार काही नको.

शौचालयाचं आत्ताच सांगून टाकतो. २०२१ च्या सहलीत लघवीची नळी तिच्या जोडापाशी सुटली आणि पंख्याने तो मजकूर यानाच्या फरशीखाली सर्वदूर फवारला. नंतर नळी चिकटवायच्या ऐवजी जोड वेल्डिंगचा केला. तुमच्या यानात नवी आहे. पण स्पेसवॉकच्या दिवशी कित्येक तास सूटमध्येच असाल. त्यासाठी डायपर आहे. अब्जाधीशांसाठी वेगळा काढलेला नाही.

सूट पाठीवर ओझं नसलेला आहे. श्वसन-यंत्रणेची पेटी नाही, ऑक्सिजन, वीज आणि आवाज यानातून येणाऱ्या सुमारे साडेतीन मीटरच्या नाळेतून येतो. थंडावासुद्धा तोच ऑक्सिजन देतो. अंगावरून वाहतो आणि बाहेर सोडून दिला जातो. नासाच्या सूटमध्ये यासाठी पाण्याच्या नळ्यांचं आतलं वस्त्र असतं. सुटसुटीत आहे, पण ऑक्सिजन धो-धो लागतो. म्हणून बाहेर रेंगाळू नका. आणि घाम येईल अशी खटपट तर मुळीच नको. १९६६ मध्ये जीन सर्नन यांनी जेमिनी ९ बाहेर इतकी धडपड केली की काच आतून धुक्याने भरली आणि समोरचं दिसेना. त्याच्या आदल्या वर्षी अलेक्सी लिओनोव्ह यांचा सूट इतका फुगला की एअरलॉकमध्ये शिरता येईना, शेवटी सूटमधलाच दाब कमी करून ते आत घुसले. हे दोघेही सरकारी खर्चाने गेले होते.

यानातल्या वस्तूंचाही विचार करा. हवा गेली की पंखे निकामी, कारण फिरवायला हवाच नाही. हवेने गार होणारी उपकरणं तापतात. बंद पाकिटं फुगतात. प्लॅस्टिक, गोंद, रंग यांतून वाफा निघतात आणि हवा परत भरल्यावर त्याच तुम्ही हुंगता. म्हणून आतला तुकडा न् तुकडा निर्वातात टिकेल का, हे आधी तपासलेलं असतं. ड्रॅगनचं आतलं आकारमान ९.३ घनमीटर, म्हणजे ८.६५ पीएसआयला ढोबळ मानाने सहा-सात किलो हवा तुम्ही खिडकीबाहेर फेकणार. ती परत भरायला ऑक्सिजन आणि नायट्रोजनच्या जादा टाक्या न्याव्या लागतात. अधिकच्या टाक्या म्हणजे अधिकचं वजन, आणि वजनाला वर भाव असतो.

आता प्रत्यक्ष कृती. १२ सप्टेंबरला चौघांनी सूट चढवले, गळती तपासली, हवा सोडली. एकाच वेळी चार माणसं निर्वात पोकळीत, हा विक्रम त्यातल्या दोघांनी खुर्चीवर बसून, इतरांच्या नाळा सांभाळत केला. स्थानकाला जोडायची यंत्रणा काढून तिथे ‘स्कायवॉकर’ नावाचा कठडा बसवला होता. झाकण उघडायचं, कठडा धरायचा, अर्धं अंग बाहेर काढायचं. हात हलवा, मनगट वळवा, बोटं मिटा, पाय अडकवून दोन्ही हात सोडून बघा. सूटच्या सांध्यांची ही परीक्षा आहे आणि ती अभियंत्यांना खरोखर हवी आहे. सुटून लांब तरंगायची परवानगी नाही. जेमतेम आठ-दहा मिनिटं आयझॅकमन, मग ते आत, मग तेवढाच वेळ गिलिस. सगळं आवरेपर्यंत एक तास सेहेचाळीस मिनिटं.

एक वाक्य आधी पाठ करून न्या. बाहेर आल्यावर ते म्हणावंच लागतं. घरी आपल्याला खूप काम करायचंय, पण इथून पृथ्वी अगदी परिपूर्ण दिसते, अशा अर्थाचं आयझॅकमन बोलले. घरचं काम तिथून दिसत नाही, हे बरोबरच आहे.

खरी घालमेल झाकण बंद करताना. रबरी कडेवर धाग्याचा तुकडा जरी आला तरी हवा भरताना ती शिट्टी वाजवत निघून जाईल. १९६५ मध्ये जेमिनी ४ च्या एड व्हाइट यांना आत घेतल्यावर दार लागता लागेना. त्यांनी आणि यानातले सोबती मॅकडिव्हिट यांनी ओढून-ताणून बसवलं, आणि नको असलेलं सामान बाहेर फेकण्यासाठी ते पुन्हा उघडायचा बेत मुकाट रद्द केला. तुमचं नाहीच लागलं, तर चौघांनी तेच सूट घालून, त्याच नाळांवर थेट समुद्रात उतरायचं. डायपरचं मघाशी सांगितलंच.

उरलेला वेळ कारणी लावा. छत्तीसेक प्रयोग नेलेत, डोळ्यातला दाब मोजणारी कॉन्टॅक्ट लेन्स घाला. व्हायोलिन वाजवून ते लेझर-दुव्याने खाली पाठवा. १५ सप्टेंबरला पहाटे फ्लोरिडाच्या ड्राय टॉर्चुगाज बेटांजवळ पाण्यात पडा.

आणि मग? अंतराळात दोनदा जाऊन आलेल्या माणसाने घरी काय करायचं? अंतराळ संस्था चालवायला घ्यायची. हबल दुर्बीण आता झिजलीय, दिशा सांभाळणारे जायरो बंद पडत चाललेत, कक्षा खाली येतेय. ड्रॅगनने जाऊन तिला वर ढकलू, असा प्रस्ताव आयझॅकमन आणि स्पेसएक्स यांनी नासापुढे ठेवला होता. नासाने अभ्यास करून जून २०२४ मध्ये सांगितलं, तूर्त नको, जोखीम आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आयझॅकमन यांचं नाव नासाच्या प्रमुखपदासाठी सुचवलं गेलं, पुढच्या मे महिन्यात मागे घेतलं, नोव्हेंबरात पुन्हा पुढे आलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये सिनेटने त्यावर शिक्कामोर्तब केलं. हबलची फाइल आता नकार देणाऱ्याच्या टेबलावर आहे, आणि टेबल अर्जदाराचं आहे.