घट्ट बांधलेले केस म्हणजे नीटनेटके केस नव्हेत

लेकीचा फोटो टाकला की कौतुकामागोमाग एक वाक्य येतंच: “केस जरा चापूनचोपून बांधत जा गं तिचे!” लिहिणारी सगळी माझी मायेची माणसं आहेत, म्हणूनच एकदा सविस्तर लिहितेय. मी ते केस चापूनचोपून बांधणार नाही.

तिचे केस तिच्या बाबांकडचे, आफ्रिकन अमेरिकन घराण्यातले आहेत. ओले असले की पाठीवर रुळतात आणि वाळले की आक्रसून कानापाशी येतात. दिसायला दणकट, पण अतिशय नाजूक. या केसाचा छेद गोल नसतो, चपटा-लंबगोल असतो, आणि प्रत्येक वळणावर तो तुटू शकतो. टाळूवरचं तेल एवढी वळणं ओलांडून खालपर्यंत पोचत नाही, त्यामुळे टोकं कायम कोरडी. ती कॉलरला, स्वेटरला घासू नयेत, रोज विंचरावी लागू नयेत, म्हणून केस वर बांधायचे. नटणं त्यात आहेच, पण आधी टोकं सांभाळायची असतात.

माझ्या सासूबाईंनी हे मला हाताला धरून शिकवलं. हे केस कोरडे असताना कंगवा लावायचाच नाही. पाणी फवारायचं, भरपूर कंडिशनर लावायचा, भाग पाडायचे, आधी बोटांनी गुंता सोडवायचा आणि मग मोठ्या दातांचा कंगवा टोकांपासून वर वर न्यायचा. त्यावर लीव्ह-इन, म्हणजे न धुता केसांत तसाच ठेवायचा कंडिशनर, शेवटी शिया बटर. तेलावर आपल्या घरांचा फार भरवसा, पण तेल आतला ओलावा धरून ठेवतं, स्वतः ओलावा देत नाही. कोरड्या केसांवर वाटीभर थापलं तरी ते कोरडेच राहतात.

मग फ्लॅट ट्विस्ट. दोन बटा एकमेकींभोवती वळवत टाळूलगत वर न्यायच्या, टोकं आत दुमडायची आणि आकडे लावायचे. बारीक रबरबँड अजिबात नको. पफ, म्हणजे केस वर गोळा करून मोकळा सोडलेला गोंडा, बांधायचा तर मऊ रुंद कापडी पट्टी. झोपताना सॅटिनची टोपी, कारण सुती अभ्रा ओलावा शोषतो. आणि बांधून झाल्यावर मी तिला भुवया उंचावायला सांगते. कपाळ ताणलं गेलं तर सगळं सोडायचं, कितीही वेळ गेलेला असो.

कारण मुळं सतत ओढली गेली की कपाळाच्या आणि कानशिलांच्या कडेला आधी पुळ्या येतात, मग केस विरळ होतात. ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया. लवकर सैल केलं तर केस परत येतात. वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर मुळांच्या जागी व्रण तयार होतो आणि तिथे पुन्हा काही उगवत नाही. एका फोटोपुरत्या गुळगुळीत भांगासाठी लेकीचं कपाळ मागे सरकवायला मी तयार नाही.

हे केस ‘आवरायला’ सांगणाऱ्यांचा इतिहास मोठा आहे. १७८६ मध्ये, आज अमेरिकेत असलेल्या लुइझियानाच्या गव्हर्नरने स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांना डोकं फडक्याने झाकायला लावलं. त्यांनी त्या फडक्यांचेच असे देखणे फेटे बांधले की हुकुमाची पार रया गेली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गॅबी डग्लस जिम्नॅस्टिक्सचं सर्वांगीण सुवर्ण जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय मुलगी ठरली आणि लोक तिच्या केसांवर बोलत बसले! अमेरिकी लष्कराने २०१४ च्या नियमांत ट्विस्टवर बंदी घातली होती. टीका झाल्यावर ते नियम बदलत गेले आणि २०२१ मध्ये घट्ट अंबाड्याने केसांची हानी होते हे मान्य करून पोनीटेल आणि लांब वेण्यांनाही मुभा मिळाली. आमच्याच न्यू जर्सीत २०१८ च्या डिसेंबरात पंचाने एका शाळकरी कृष्णवर्णीय कुस्तीगिराला ड्रेडलॉक्स (जटांसारख्या वळलेल्या बटा) काप नाहीतर सामना सोड म्हणून सांगितलं, आणि ते मॅटशेजारीच कापले गेले. बरोबर वर्षभराने राज्यात क्राउन कायदा झाला, म्हणजे अशा केसांवरून आणि केशरचनांवरून भेदभाव करायला मनाई. कॅलिफोर्नियाने तो आधीच, जुलै २०१९ मध्ये केला होता. कायद्याने शाळेत आणि कामावर संरक्षण मिळतं. आपल्या हळदीकुंकवात आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते आपणच द्यायचं.

आता गणपती जवळ आलेत आणि लेक मंडळाच्या कार्यक्रमात नाचणार आहे. सगळ्या मुलींना मधला भांग, चप्प बसवलेले केस आणि गंगावन असं ठरलं होतं. गंगावनाचं वजन नेमकं कडेच्या मुळांवर येतं, म्हणून मी नृत्याच्या ताईंशी बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि लगेच होकार दिला, याचं मला फार बरं वाटलं. लेकीचे फ्लॅट ट्विस्ट वर नेऊन सैलसर अंबाडा घालू, त्याभोवती हलका गजरा, आकड्यांनी खोचलेला. नाच संपला की गजरा काढायचा, अंबाडा तसाच ठेवायचा. फोटो टाकेनच. तिने नाच कसा केला, ते लिहा.