गिऱ्हाईक असूनही दुकान का बंद पडतं?

दादर-लालबागमधलं एखादं जुनं दुकान बंद झालं की त्याच्या फोटोखाली ठरलेली कॉमेंट येते : "मराठी माणसाला धंदा जमत नाही." मला याचा मनापासून राग येतो. छोट्या धंदेवाल्यांचे हिशेब लिहिणं, जीएसटी रिटर्न भरणं हे माझं काम. कोविडमध्ये ज्यांनी शटर कायमचं ओढलं, त्यांची खाती मी पाहिली आहेत. त्यात नफ्यातले धंदेही होते.

तोट्यातला धंदा कितीतरी वर्षं रखडत चालतो. हातातली रोकड संपली की मात्र नफ्यातलाही बसतो. मंदीत विक्री बहुतेकांचीच घटते, पण कोण तगणार हे बरंचसं आधीच ठरलेलं असतं : गाळा कोणाचा आहे आणि येणी कोणाकडे अडकली आहेत यावरून.

पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाडेहक्काने घेतलेल्या, गाळ्यातला स्टेशनरीवाला जुन्या, किरकोळ भाड्यावर दिवस काढू शकतो. शेजारच्या लीव्ह अँड लायसन्सवाल्याचं, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर गाळा घेतलेल्याचं, भाडं शटर खाली असलं तरी चालूच. आधी ते डिपॉझिटमधून वळतं होतं, मग डिपॉझिटही संपतं. फोर्टातल्या पोळीभाजी केंद्रांचं आणि झेरॉक्सवाल्यांचं तर गिऱ्हाईकच लोकलने येणारं. मार्च 2020मध्ये थांबलेली लोकल सर्वसामान्यांसाठी सुरू झाली 1 फेब्रुवारी 2021ला, तीही ठरावीक वेळांपुरती. यात त्यांनी धंद्याची कोणती अक्कल वापरायची होती?

उधारीचं दुखणं त्याहून जुनं आहे. छपाईचा प्रेसवाला कंपनीला माल देतो, बिल काढतो. पैसे आले नसले तरी त्या बिलावरचा जीएसटी मुदतीत भरावाच लागतो, नाहीतर वर्षाला 18 टक्के व्याज. कागदवाला रोख मागतो, कामगारांचा पगार थांबवता येत नाही. म्हणजे मोठ्या कंपनीला बिनव्याजी भांडवल पुरवतो तो हा छोटा माणूस! 2006च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याने छोट्या उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे आहेत, उशीर झाला तर चक्रवाढ व्याजासकट. पण तक्रार केली की पुढची ऑर्डर गेली, म्हणून कोणी तोंड उघडत नाही. आता थकवलेलं बिल आयकरात खर्च म्हणून लगेच दाखवता येत नाही, हे चांगलंच झालं. नुसता व्यापार करणाऱ्यांना मात्र त्याचा फायदा नाही.

सरकारी मदतीचंही तसंच. 2020ची 3 लाख कोटींची, बँकेच्या कर्जाला सरकारची हमी देणारी योजना कर्जाच्या शिल्लक रकमेवर 20 टक्के जादा कर्ज देत होती, तीही 29 फेब्रुवारीची शिल्लक धरून. ज्याने कधी बँकेचं कर्ज काढलंच नाही, स्वतःच्या पैशांवर धंदा केला, त्याला शून्य. कर्ज न काढण्याची शिकवण आपल्याच घरांतली ना? तिचीच शिक्षा त्याला झाली.

कंपन्यांच्या अकाउंट्समध्ये, पर्चेसमध्ये आपली कितीतरी मंडळी आहेत. छोट्या व्हेंडरचं बिल टेबलावर असेल तर याच आठवड्यात सहीला पाठवा. आणि साहेबांनी "थांबू दे अजून" म्हटलं, तर 45 दिवसांचा कायदा त्यांच्यासमोर ठेवा.