हजार वॅट येणार कुठून?

गाडीच्या साउंडबद्दल एक फॉरवर्ड बरेच दिवस फिरतोय. त्यातले दावे असे: 1000 वॅटचा अँप (अँप्लिफायर) बसवा, आवाज दहापट होतो. अँप स्पीकरपेक्षा कमी वॅटचा घ्या, म्हणजे स्पीकर जळत नाहीत. दारांच्या डॅम्पिंगवर, म्हणजे दाराच्या पत्र्याला चिकटवायच्या जाड शीटवर, पैसे घालवू नका. आणि अँपला फ्यूज असतोच, बॅटरीजवळ वेगळा कशाला? पहिले दोन दावे एकमेकांच्याच पायात पाय घालतात, पण ते असो.

आधी हजार वॅट. खोक्यावरचा आकडा वाचू नका, अँपवरचा फ्यूज वाचा. 30 अँपिअरचा फ्यूज असेल, तर चालू गाडीच्या साधारण 14 व्होल्टला आत येणार 420 वॅट. क्लास एबी या नेहमीच्या प्रकारचा अँप त्यातले जेमतेम निम्मे-साठ टक्के स्पीकरला देतो, बाकीची उष्णता होते. उगीच नाही तो हाताला चटका देत. खरे हजार वॅट सलग हवे असतील, तर काहीच वाया गेलं नाही असं धरलं तरी 70 अँपिअर लागतील. छोट्या हॅचबॅकचा अल्टरनेटर त्यातच दमेल. मग हेडलाइट आणि एसीने काय करायचं? डेकवरचं (डॅशबोर्डमधल्या म्युझिक प्लेअरवरचं) ‘50 गुणिले 4’, म्हणजे चार स्पीकरला प्रत्येकी 50 वॅट, हेही याच जातीचं. 14.4 व्होल्टवर 4 ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात कागदावरसुद्धा 26 वॅटच मिळतात, प्रत्यक्षात वीसच्या आसपास. खोक्यावर ‘आरएमएस’पुढे (सलग देता येणारे वॅट) काय छापलंय तेवढं बघा. ते छापलेलंच नसेल, तर खोकं परत ठेवा.

आता दहापट आवाज. वॅट दुप्पट केले की वाढतात 3 डेसिबल. कानाला थोडासा फरक कळतो, बस. आवाज दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. उलट 87 ऐवजी 90 डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (तेवढ्याच वॅटला किती आवाज देतो ते माप) स्पीकर घेतला, तर तेच 3 डेसिबल अँपला हात न लावता मिळतात.

कमी वॅटचा अँप सुरक्षित, हे तर उफराटंच. लहान अँप ताणला की तो स्पीकरला पाठवतो त्या विद्युत लाटेचा माथा छाटला जातो. पूर्ण सपाट झालेली लाट तेवढ्याच उंचीच्या स्वच्छ लाटेच्या दुप्पट ताकद स्पीकरमध्ये ओतते. बहुतेकदा पहिला बळी ट्वीटरचा, म्हणजे वरच्या पट्टीच्या आवाजाच्या छोट्या स्पीकरचा. मोठा अँपही स्पीकर जाळतो, पण गेनला (डेकच्या सिग्नलशी अँप जुळवायचा स्क्रू) व्हॉल्यूमचं बटण समजून कुणी शेवटपर्यंत पिळला तर.

डॅम्पिंगचं थोडक्यात: दाराच्या पत्र्याला भोकं असतात. स्पीकरच्या मागची लाट त्यांतून पुढे येते आणि पुढच्या लाटेतला बेस खाऊन टाकते. शीट लावली की ती भोकं बुजतात. माझं मत विचाराल तर पहिला पैसा इथेच घाला.

राहिला फ्यूज. अँपमधला फ्यूज अँपपुरता. बॅटरीपासून मागच्या डिकीपर्यंत चार-पाच मीटर वायर जाते, ती वाटेत कुठे घासून पत्र्याला टेकली, तर बॅटरीचा सगळा करंट त्या वायरमधून धावतो आणि पलीकडच्या टोकाच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. वायर लाल होते, मग गालिचा पेटतो. म्हणून बॅटरीपासून दोन वितींच्या आत फ्यूज होल्डर, आणि वायर जिथे पत्र्यातून आत येते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसणारी कडी). पैसे देण्याआधी बॉनेट उघडून दोन्ही बघून घ्या.