आठ वीसची

नाशिकच्या पवननगर स्टॉपवर मी रोज सकाळी सव्वाआठला उभा असतो. आठ वीसची शहर बस धरायची, सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाला, उतरायचं, कटिंग मारून साडेनवाच्या आत ऑफिसात शिरायचं, हा माझा बेत. बसचा बेत काय असतो ते कळायला मार्ग नाही.

मार्ग नाही कसा? मोबाइलवर अ‍ॅप आहे की! गेल्या थंडीत एके सकाळी अ‍ॅपवर बस बरोब्बर आमच्या स्टॉपवर उभी होती. मीही तिथंच उभा होतो. बसचं चित्र आणि माझा निळा ठिपका एकमेकांत मिसळून गेलेले. आणि डोळ्यांसमोर बघावं तर एक गाय आणि एक छोटा हत्ती. वेदान्तात याला अद्वैत म्हणतात, अ‍ॅपवाले लाइव्ह ट्रॅकिंग म्हणतात. चार मिनिटांनी ती बस माझ्या अंगावरून निघून त्रिमूर्ती चौकात पोचलीसुद्धा. मला साधं खरचटलंही नाही.

आता वाट बघण्यात नाशिककर कच्चा नाही. सिंहस्थासाठी आम्ही बारा-बारा वर्षं थांबतो. पण गुरू सिंह राशीत कधी शिरणार, हे पंचांगवाले कितीतरी आधी सांगून ठेवतात. आठ वीसची कधी येणार, हे आठ एकोणीसला खुद्द डेपोला सांगता येत नाही. वाहकाला विचारलं तर तो म्हणतो डेपोत विचारा, डेपोवाले म्हणतात फेरी ‘वरून’ रद्द झाली. हे ‘वर’ म्हणजे नक्की कुठे, ते अजून मला सापडलेलं नाही.

शेवटी शहर बसच्या कार्यालयात माहिती अधिकारात अर्ज टाकायचं ठरवलं. देशाचा कायदा २००५ चा. महाराष्ट्रानं त्याआधीच, २००२ मध्ये, स्वतःचा केला होता. म्हणजे प्रश्न विचारण्यात आपण देशाच्या तीन वर्षं पुढे.

पण राज्याच्या नियमात एक मेख आहे. अर्ज एकाच विषयावर हवा आणि दीडशे शब्दांत बसला पाहिजे. माझा पहिला खर्डा सहाशे शब्दांचा झाला. त्यात पूर्वीच्या एस.टी.च्या लाल शहर बसची आठवण होती, माझ्या गुडघ्यांची हकीकत होती आणि त्या गायीचाही ओझरता उल्लेख होता. बायकोनं तो वाचला. म्हणाली, “दूधवाल्याला ‘उद्या नको’ सांगायला तुम्हाला दीडशे लागतात. हे तुमच्यानं व्हायचं नाही.” मग तिनंच पेन घेतलं. आधी गुडघे गेले, मग गाय गेली. उरलं ते एवढंच: गेल्या तीन महिन्यांत आठ वीसची फेरी किती दिवस सुटली, किती दिवस रद्द झाली, का झाली, आणि त्याबद्दल ठेकेदाराला किती दंड लावला. शब्द एकोणनव्वद. “अजून एकसष्ट शिल्लक आहेत,” मी म्हणालो. “बचत करा,” ती म्हणाली.

अर्जाला लावायचा दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणायला सीबीएसजवळच्या कोर्टात गेलो. बस आली नाही म्हणून रिक्षानं. त्या दहाच्या स्टॅम्पाला रिक्षाचे ऐंशी पडले.

उत्तराला कायद्यानं तीस दिवसांची मुदत असते. एकोणतिसाव्या दिवशी पाकीट आलं. त्या कार्यालयाकडून माझ्यापर्यंत वेळेत पोचलेली ती पहिली गोष्ट. आत एकच ओळ होती: ‘मागितलेली माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही, १,२४० पाने उपलब्ध असून प्रति पान २ रुपयेप्रमाणे २,४८० रुपये भरावेत.’ एवढ्यात मी पास काढून कितीतरी दिवस न येणाऱ्या बसची वाट बघू शकलो असतो! खरं तर याच कायद्याच्या कलम ४ मध्ये लिहिलंय की कार्यालयांनी सतरा बाबींची माहिती कुणी विचारायच्या आत आपण होऊन जाहीर करायची. आमच्याकडे सतरा जणांनी सतरादा विचारलं तरी आधी पानं मोजली जातात.

वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील ठोकलं. आणि स्वतःची एक वहीही घातली. ती वही खरं तर माझी एकट्याची नाही. स्टॉपला लागून भाजीच्या पाट्या बसतात, त्यातल्या मेथीवाल्या मावशींनी माझ्या आधीपासून नोंद ठेवलेली होती. पाटीखालच्या गोणपाटात कॅलेंडरचं पान. बस आली की त्या तारखेवर उभी रेघ, नाही आली की भोपळा. ते पान मेथीच्या पाण्यानं हिरवं झालेलं, तरी एक तारीख सुटलेली नव्हती. “तिच्यातनं माझं गिऱ्हाईक उतरतं वो काका,” मावशी म्हणाल्या, “हिशेब नको ठेवायला?”

सुनावणी अकराला होती. बस आली नाही. मी पंचवीस मिनिटं उशिरा पोचलो. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि कारकुनाला सांगितलं, “लिहा. अपीलकर्ते पंचवीस मिनिटे विलंबाने उपस्थित.” त्या इमारतीत उशिराची मिनिटासकट नोंद होताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मला भरून आलं.

“साहेब, हाच माझा पुरावा,” असं म्हणून मी वही पुढे सरकवली. त्यांनी चष्मा चढवला. एक पान, दुसरं पान, मग मावशींच्या कॅलेंडरची झेरॉक्स. कारकून खुर्ची ओढून जवळ आला. पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही. चहा आला, बिस्किटंही आली.

“हे फारच व्यवस्थित आहे हो,” साहेब म्हणाले. “आमच्याकडे असं एकत्र कुठेच नाही. याची एक प्रत मिळेल का आम्हाला?”

“मिळेल की,” मी म्हणालो. “दहाचा स्टॅम्प लावून अर्ज करा. दीडशे शब्दांत.”